मतपत्रिकेवर नसलेलं नाव

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड हे शहर आहे. 1974 साली ते पोलादाच्या भट्ट्यांचं, कारखान्यांच्या भोंग्यांचं, पाळ्यांमध्ये राबणाऱ्या कामगारांचं शहर होतं. तिथल्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर कुठली गाणी वाजवायची हे ठरवण्याचं काम डॉना हॅल्पर नावाच्या तरुणीकडे होतं. एके दिवशी तिच्या टेबलावर कॅनडातून एक तबकडी येऊन पडली. तबकडीवर कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव नव्हतं. टोरोंटोच्या तीन पोरांना कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या व्यवस्थापकांनी पदरमोड करून ती काढली होती. स्टुडिओचं भाडं परवडावं म्हणून ध्वनिमुद्रण रात्री-अपरात्री उरकलं होतं. बँडचं नाव होतं रश.

हॅल्परने तबकडीतलं एक लांब गाणं लावून पाहिलं. सात मिनिटांचं ‘वर्किंग मॅन’. सकाळी कामावर जाणारा आणि संध्याकाळी थकून घरी येणारा एक माणूस, आणि आपल्या आयुष्यात याहून काही अधिक असायला हवं ही त्याची खंत. हे गाणं आपल्या शहराचं आहे, हे तिला ऐकताक्षणी कळलं. तिने ते प्रसारित केलं आणि केंद्राचे फोन खणखणू लागले. हा लेड झेपेलिन या बड्या बँडचा नवा अल्बम आहे का, असं कित्येकजण विचारत होते. शहरातल्या दुकानदारांना कॅनडातून तबकड्या मागवाव्या लागल्या. बातमी मर्क्युरी या अमेरिकन कंपनीपर्यंत गेली, आणि ज्या बँडला कोणी दारात उभं करत नव्हतं त्याच्याशी करार झाला.

रशला पहिला मान असा मिळाला. तो कामगारांनी दिला आणि क्लीव्हलँडमध्ये दिला. गावाचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण पुढे याच गावात रॉक संगीताचं सर्वांत मोठं सन्मानमंदिर उभं राहणार होतं, आणि याच बँडला त्याच्या पायरीशी वर्षानुवर्षं थांबावं लागणार होतं.

ही पोरं कोण होती? गायक आणि बेसवादक गेडी ली हा पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. त्याचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचले होते. आईने ऑशविट्झ पाहिलं होतं, वडिलांनी डाखाउ. कॅनडात येऊन त्यांनी दुकान थाटलं. गेडी बारा वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने एकटीने दुकान आणि मुलं सांभाळली. गिटारवादक अलेक्स लाइफसन हा सर्बियातून आलेल्या कष्टकरी कुटुंबातला. दोघे एकाच शाळेत शिकले. 1968 पासून ते शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि पुढे मद्यगृहांत वाजवत आले होते. त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा गेडीच्या आईने दुकानाच्या काचा मुलाच्या बँडच्या पोस्टरांनी भरून टाकल्या, आणि ज्या पोरांच्या खिशात पैसे नसत त्यांना ती तो अल्बम तसाच देऊन टाकी.

अमेरिकेचा दौरा तोंडावर आला असताना पहिला ड्रमवादक जॉन रट्सी बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी 1974 च्या जुलैअखेर नील पर्ट आला. हा सेंट कॅथरिन्स गावचा. वडिलांच्या शेती-अवजारांच्या दुकानात सुटे भाग विकत होता. उंच, अबोल आणि पुस्तकवेडा. ड्रम त्याच्या हातात दिल्यावर उरलेल्या दोघांना कळलं की हा माणूस सोडायचा नाही. लवकरच गाण्यांचे शब्दही तोच लिहू लागला. पुढची एक्केचाळीस वर्षं या तिघांत कोणी बदललं नाही.

सुरुवात मात्र अडखळतच झाली. 1975 मध्ये ‘कॅरेस ऑफ स्टील’ हा त्यांचा तिसरा अल्बम आला आणि पडला. लांबलचक गाणी, अद्भुतरम्य कथानकं, मध्येच बदलणारे ताल. रेडिओने पाठ फिरवली. सभागृहं लहान होत गेली. त्या दौऱ्याला त्यांनी स्वतःच ‘गाळात जाण्याचा दौरा’ अशा अर्थाचं नाव दिलं. कंपनीचा निरोप स्पष्ट होता: आता छोटी, सोपी, खपणारी गाणी करा. तिघांनी बसून विचार केला. नाहीच जमलं तर नील अवजारांच्या दुकानात परत जाईल, अलेक्स वडिलांसारखा नळजोडणीच्या कामाला लागेल. पण बुडायचंच असेल तर स्वतःच्या संगीतासह बुडू, दुसऱ्याच्या संगीतासह तरायचं नाही, असं ठरलं.

आणि 1976 मध्ये त्यांनी ‘2112’ काढला. त्याची पूर्ण एक बाजू, वीस मिनिटांहून जास्त, एकाच कथेला दिलेली. ती कथा अशी: सन 2112 मध्ये जगावर एका मंदिराच्या पुजाऱ्यांची सत्ता आहे. लोकांनी काय वाचायचं, काय ऐकायचं, कशाला सुंदर म्हणायचं हे तेच ठरवतात. एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनं, विसरलं गेलेलं वाद्य सापडतं. ती गिटार असते. तो चाचपडत तारा जुळवतो, सूर शोधतो, आणि आनंदाने वेडा होऊन पुजाऱ्यांकडे धावतो. हे सगळ्यांना ऐकवू या, सगळे सुखी होतील, अशी त्याची भाबडी आशा. पुजारी ऐकतात आणि म्हणतात, असली चैन आम्हांला नको. मग ते गिटार पायाखाली चिरडतात. तरुण खचतो आणि आपलं आयुष्य संपवतो.

कथेतला नायक हरला, पण कथा लिहिणारे हरले नाहीत. कंपनीने नको म्हटलेल्या या अल्बमने रशला उभं केलं. त्यानंतर त्यांनी काय वाजवायचं हे सांगायला कंपनीचा माणूस पुन्हा स्टुडिओत आला नाही. 1981 च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ने तर त्यांना मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागारांत नेऊन बसवलं. अमेरिकेत ओळीने सुवर्ण आणि प्लॅटिनम ठरलेल्या अल्बमांचा हिशेब मांडला, की बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्यामागे रशचं नाव येऊ लागलं.

पण ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्या समीक्षकांचे कान तयार होत नव्हते. याची कारणं नीट पाहायला हवीत, कारण बोध तिथेच आहे. सत्तरच्या दशकातल्या रॉक समीक्षेने आपल्यापुरता एक आदर्श ठरवून घेतला होता. खरं रॉक म्हणजे ब्लूजच्या मुळातून आलेलं, दोन-तीन स्वरसंघांत मावणारं, रस्त्यावरचं, बंडखोर. त्या मापाने पाहिलं तर रशचं सगळंच चुकत होतं. ते सात मात्रांच्या तालात वाजवत, विज्ञानकथा सांगत, घासूनपुसून सराव करत. गेडीचा आवाज टिपेचा, काहींना चिरका वाटणारा. त्यात ना हॉटेलच्या खोल्या फोडल्याच्या बातम्या, ना प्रेमप्रकरणं. मैफल संपली की पुस्तक घेऊन बसणाऱ्या ड्रमवादकावर कोण काय लिहिणार? ऐकणारा वर्गही समीक्षकांच्या ओळखीचा नव्हता. न्यूयॉर्कच्या मैफलींत मिरवणाऱ्यांत तो नव्हता. तो उपनगरांतल्या आणि कारखान्यांच्या गावांतल्या, जरा एकलकोंड्या, घरी बसून ड्रमची प्रत्येक थाप मोजणाऱ्या पोरांचा होता.

एक घाव तर फार खोल गेला. ‘2112’ च्या वेष्टनावर नीलने कट्टर व्यक्तिवाद मांडणाऱ्या आयन रँड या लेखिकेचं ऋण मानलं होतं. तेवढ्या धाग्यावरून 1978 मध्ये एन.एम.ई. या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने या बँडवर अतिउजव्या, जवळपास फॅसिस्ट विचारांचा शिक्का मारला. ज्याचे आईवडील ऑशविट्झ आणि डाखाउ भोगून आले, त्या गेडीला हे वाचताना काय झालं असेल! ऐन विशीत वाचलेल्या एका लेखिकेच्या विचारांपासून नील पुढे दूर गेला, आणि तसं त्याने सांगितलंही. शिक्का मात्र लवकर पुसला गेला नाही.

1983 मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमत एर्टेगुन यांच्या पुढाकाराने रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची संस्था स्थापन झाली. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाचे सहसंस्थापक यान वेनर हे तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. 1986 मध्ये पहिल्या मानकऱ्यांचा सत्कार झाला, आणि 1995 च्या सप्टेंबरमध्ये सरोवराच्या काठी वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी रचलेली काचेची भव्य इमारत लोकांसाठी उघडली. गाव क्लीव्हलँड! ज्या गावच्या कामगारांनी फोन करकरून रशला डोक्यावर घेतलं होतं, तेच गाव.

निवडीची रीत अशी: कलाकाराच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला पंचवीस वर्षं झाली की तो पात्र होतो. मग एक छोटी नामांकन समिती बंद दाराआड बसते आणि पंधराएक नावं काढते. ती नावं मतपत्रिकेवर छापून शेकडो मतदारांकडे जातात. त्यांत संगीताचे जाणकार असतात, व्यवसायातली माणसं असतात आणि आधी निवडले गेलेले कलाकारही असतात. त्यांच्या मतांवरून दरवर्षी पाच-सात नावं निश्चित होतात.

वरवर पाहता रीत निर्दोष वाटते. पण कुलूप कुठे आहे ते पाहा. मतदार शेकडो, म्हणून निवड व्यापक, असं आपण समजतो. प्रत्यक्षात मतदाराला त्या पंधरांपलीकडे कोणाला मत देताच येत नाही. खरी निवड त्या बंद खोलीत आधीच झालेली असते. खोलीतली माणसं एका पिढीची, एका शहरातली, एका मासिकाच्या वळणाची असली, तर त्यांच्या आवडीचीच नावं पुन्हा पुन्हा वर येतात. निवडून आलेले कलाकार मग स्वतः मतदार होतात आणि आपल्यासारख्यांनाच मत देतात. पंगतीत वाढणाऱ्याची नजर आधी ओळखीच्या पानाकडे जाते. त्यात त्याचा दुष्टावा नसतो, पण टोकाला बसलेला मात्र उपाशी राहतो.

रश 1998 च्या सुमारास पात्र ठरला. वर्ष आलं आणि गेलं. पुढचं आलं, तेही गेलं. लोक म्हणत, रशला हॉल ऑफ फेमने नाकारलं. वस्तुस्थिती त्याहून विचित्र होती. त्यांना कोणी नाकारलंच नव्हतं. नाकारण्यासाठी नाव मतपत्रिकेवर यावं लागतं. चौदा वर्षं ते एकदाही आलं नाही.

पण त्या काळात हे तिघे दुसऱ्याच एका खाईत होते. 1997 च्या ऑगस्टमध्ये नीलची एकोणीस वर्षांची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी त्याची पत्नी कर्करोगाने गेली. आता मी निवृत्त झालो असं समजा, असं त्याने मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच मित्रांना सांगितलं होतं. पुढे तो मोटारसायकलवर बसला आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको असा हजारो मैल फिरत राहिला. गेडी आणि अलेक्स यांनी त्याला परत ये म्हटलं नाही, त्याच्या जागी दुसरा ड्रमवादकही आणला नाही. बँड असाच संपला तर संपू दे, पण मित्राच्या दुःखावर घाई करायची नाही, हा त्यांचा निर्णय. ज्या सुमारास जगातल्या सर्वांत मोठ्या सन्मानासाठी ते पात्र ठरत होते, त्याच सुमारास बँडहून मोठं काय असतं हे ते आपल्या वागण्याने दाखवत होते. त्या खोलीत बसलेल्या कोणाच्याही गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नव्हता.

नील 2001 मध्ये परतला. 2002 च्या दौऱ्याची शेवटची रात्र ब्राझीलमध्ये होती, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये. रश त्या देशाच्या दौऱ्यावर पहिल्यांदाच आला होता. पावसामुळे सामानाचे ट्रक उशिरा पोचले, आवाज तपासायलाही वेळ मिळाला नाही. समोर चाळीसेक हजार माणसं. कार्यक्रमात ‘वायवायझेड’ ही रचना आली.

या रचनेची एक हकीकत आहे. वायवायझेड हे टोरोंटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव. ती तीन अक्षरं मोर्स लिपीत वाजवली की जो लांब-आखूड ठेका तयार होतो, त्याच ठेक्यावर रचनेचा आरंभ बेतलेला आहे. दौऱ्यावरून विमानाने घरी येणाऱ्या माणसाला ऐकू येणारी ही घराची हाक. रचनेत एकही शब्द नाही. 1982 मध्ये तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि पारितोषिक पोलीस या बँडच्या एका वाद्यरचनेला गेलं. ती रचना त्या बँडचा स्वतःचा गायक स्टिंग याला इतकी नापसंत होती की त्याने तिच्यात वाजवायलाच नकार दिला होता. रशला कारकिर्दीत एकूण सात नामांकनं मिळाली, पारितोषिक एकही नाही.

आणि त्या रात्री रिओमध्ये काय व्हावं? ‘वायवायझेड’ सुरू झाली आणि चाळीस हजार माणसं गाऊ लागली. शब्द नसलेली रचना! पोर्तुगीज बोलणारी माणसं, कॅनडातल्या बँडच्या गिटारची एकेक सुरावट, एकेक हरकत, उड्या मारत, एका सुरात गात होती. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात तो आवाज आजही ऐकू येतो. परीक्षकांनी वीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली रचना लोकांनी वीस वर्षं घरोघरी ऐकून पाठ केली होती. सन्मानाची व्याख्या करायला कोणी सांगितलं तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवेन.

रशसारखे आणखीही होते. गिटार हातात घेणारा पुण्यातला असो की पणजीतला, पहिली सुरावट शिकतो ती बहुधा ‘स्मोक ऑन द वॉटर’ची. ती घडवणारा डीप पर्पल हा बँड 1990 च्या दशकातच पात्र झाला होता. त्याला 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि त्याचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड 2012 मध्येच गेला होता. विजेची गिटार छेडत भक्तिगीतं गाऊन रॉकची पायवाट पाडणारी सिस्टर रोझेटा थार्प 1973 मध्ये वारली. तिची आठवण संस्थेला 2018 मध्ये झाली. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथेच मित्रांसह पहिला बँड काढणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि त्याचा क्वीन हा बँड जगभर गाजला. त्या क्वीनला स्पर्धेतलं एकही ग्रॅमी कधी मिळालं नाही. जीवनगौरव दिला तो 2018 मध्ये. फ्रेडीला जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं होऊन गेली होती. उशिरा दिलेला मान कधी कधी रिकाम्या खुर्चीच्या गळ्यात पडतो. उशिराची खरी किंमत कलाकार भरतो, देणारा नाही.

क्लीव्हलँडची कुलपं अखेर कशी उघडली? काही अंशी काळाने. रश ऐकत वाढलेली पोरं मोठी झाली. कोणी नामवंत वादक झालं, कोणी चित्रपट दिग्दर्शक, कोणी संपादक. 2010 मध्ये या बँडवर एक सुरेख माहितीपट निघाला आणि नव्या लोकांना ही तीन सरळ माणसं कळली. त्याच सुमारास नामांकन समितीतही बदल झाले, टॉम मोरेलो यांच्यासारखे पुढच्या पिढीतले वादक तिथे येऊन बसले. मुख्य म्हणजे चाहते गप्प बसले नव्हते. वर्षानुवर्षं ते पत्रं पाठवत होते, प्रश्न विचारत होते. 2012 च्या शरदात रशचं नाव प्रथमच मतपत्रिकेवर आलं. त्याच वर्षी संस्थेने सामान्य चाहत्यांनाही मत नोंदवायची सोय केली. लाखो चाहत्यांचा कौल मिळून शेवटी एकच मतपत्रिका धरली जाणार होती, तरी लोक उठले आणि त्यांनी रशला त्या यादीच्या शिरोभागी ठेवलं. मतदारांनीही त्यांना निवडलं, पहिल्याच मतदानात. म्हणजे अडथळा शेकडो मतदारांचा कधी नव्हताच, खोलीतल्या मूठभरांचा होता.

18 एप्रिल 2013 रोजी लॉस एंजेलिसमध्ये सत्कार झाला. आरंभी यान वेनर यांनी मानकऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली आणि रशचं नाव येताच सभागृहात असा कल्लोळ उठला की त्यांना थांबून राहावं लागलं. रशची ओळख करून द्यायला फू फायटर्स या बँडचे डेव्ह ग्रोल आणि टेलर हॉकिन्स आले. त्याच कार्यक्रमात ते दोघे रशने ‘2112’ च्या वेष्टनावर घातले होते तसे पांढरे झगे आणि केसांचे टोप चढवून आले आणि त्यांनी एका साथीदारासह ‘2112’ चा आरंभीचा भाग वाजवला. ज्या कथेत मंदिराचे पुजारी गिटार चिरडतात, ती कथा त्या रात्री मंदिराच्याच व्यासपीठावर, पुजाऱ्यांच्या देखत वाजत होती.

नील बोलायला उभा राहिला. हा सन्मान म्हणजे काही मोठी गोष्ट नाही असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो, पण आता कळतंय की तशी ती आहे, अशा अर्थाचं तो मोकळेपणाने बोलला. मला हे फार मोलाचं वाटतं. कलाकाराला सन्मानाची आसच नसते, असं म्हणणं खोटं आहे. आस असते. तिच्यासाठी कामाची दिशा बदलायची नाही, एवढंच त्याच्या हाती असतं. अलेक्सची पाळी आली तेव्हा त्याने ‘ब्ला, ब्ला, ब्ला’ एवढ्याच अक्षरांत, हातवारे आणि चेहऱ्याच्या साहाय्याने, बँडची सगळी कहाणी सांगितली: नकार, वाट पाहणं, बातमी येणं, आनंद. सभागृह हसून लोळलं. शब्दांवाचून समजावण्याची त्याची जुनीच सवय! शेवटी तिघांनी वाद्यं हाती घेतली आणि ‘टॉम सॉयर’ व ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ वाजवली.

दोन वर्षांनी, 2015 मध्ये, ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर रश पहिल्यांदा झळकला. त्याच वर्षीच्या 1 ऑगस्टला तिघांनी एकत्र शेवटची मैफल केली. 7 जानेवारी 2020 रोजी नील मेंदूच्या कर्करोगाने गेला. तो गेला तेव्हा जगभरच्या ड्रमवादकांनी गुरू गेल्यासारखा शोक केला. त्यांच्यातल्या फार थोड्यांना तो हॉल ऑफ फेमचा मानकरी आहे म्हणून माहीत होता. बाकीच्यांनी त्याच्या तबकड्या लावून, पुन्हा मागे नेऊन, पुन्हा ऐकून आपले हात घडवले होते.

सन्मानाने रशच्या संगीतात एका सुराचीही भर घातली नाही. 2012 पर्यंत मतपत्रिकेवर नाव नव्हतं, तेव्हा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ जितका थोर होता तितकाच तो 2013 मध्येही राहिला. बदल झाला तो संस्थेत. तिच्या भिंती थोड्या रुंदावल्या, तिची यादी थोडी खरी झाली. रशला घेऊन हॉल ऑफ फेमचीच लाज राखली गेली.

या कथेचं तात्पर्य दोन बाजूंनी घ्यायला हवं.

जो काम करतो, त्याने एवढं ओळखावं: यादीत नाव नसलं की आपल्या कामात खोट आहे असं सिद्ध होत नाही. यादी करणाऱ्यांच्या कानांना मर्यादा असतात, त्या त्यांच्या पिढीच्या, शहराच्या, ओळखीपाळखीच्या असतात. त्या मर्यादांत बसण्यासाठी जो आपला सूर बदलतो, त्याला कदाचित मान मिळेल, पण त्या मानाला पात्र ठरलेला माणूस तोच उरलेला नसेल. रशने ‘2112’ ऐवजी छोटी खपाऊ गाणी केली असती तर 1976 नंतर ऐकायला रशच नसता.

आणि जो मान देतो, त्याच्यावर जबाबदारी अधिक आहे. पारितोषिक समित्या, शाळेच्या गॅदरिंगचे परीक्षक, साहित्य संमेलनांची मंडळं, कचेऱ्यांतले बढतीचे निर्णय घेणारे, घरात मुलांचं कौतुक करणारे आईवडील, आपण सगळेच कधी ना कधी त्या बंद खोलीत बसतो. तिथे आपण समोर आलेल्या नावांत न्याय करतो आणि समाधानाने घरी जातो. खरा अन्याय मात्र समोर न आलेल्या नावांवर झालेला असतो, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही. म्हणून यादी पुरी झाल्यावर खोलीतल्या प्रत्येकाने विचारायला हवं: आपल्याला न रुचणारं, पण लोकांनी काळजाशी धरलेलं असं कोण आहे, ज्याचं आपण ऐकलंच नाही? उत्तर मिळालं तर ते नाव आजच लिहावं, कारण कलाकार जिवंत असतो तोवरच मानाचा त्याला उपयोग असतो.